सहदेवी कशी ओळखावी?



आश्विन लागून पाऊस ओसरला म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, वावराच्या धुऱ्यांवर, गाडीवाटेच्या कडेस व पडीत जमिनीत एक राखट रंगाची वनस्पती उभी राहते. उंची वीतभर ते हातभर. शेंड्यावर ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी अशी जांभळी फुले येतात, ती काही दिवसांनी पांढरी होतात आणि वाऱ्याबरोबर उडून जातात. हीच सहदेवी. कित्येक ठिकाणी हिला सदोडी असेही म्हणतात. तापावरील गावठी काढ्यांत हिचे नाव फार जुने आहे.

परंतु सहदेवी म्हणून जी जुडी हातात येते ती प्रत्येक वेळी सहदेवीच असते असे नाही. तशाच जांभळट फुलांच्या, तशाच जागी व त्याच दिवसांत उगवणाऱ्या आणखी दोन वनस्पती आहेत, आणि त्या दोहोंच्याही अंगी यकृताचा नाश करणारे विष असते. एकीचे नाव सदामंडी व दुसरीचे ओसाडी. सदोडी आणि सदामंडी ही नावे बोलण्यात किती जवळची आहेत ते पाहा. आणि ओसाडीस तर काही भागांत लोक सहदेवी ह्याच नावाने ओळखितात. तेव्हा नावावर भिस्त ठेवून भागत नाही.

खेड्यात दवाखाना दूर असतो आणि उपदेशक किंवा शाळामास्तर जवळ असतो. रात्री लेकरू तापाने फणफणले म्हणजे बाप धुऱ्यावरून मूठभर पाला उपटून आणितो व दिव्याच्या उजेडात तो पुढे धरून विचारतो, "मास्तर, ही सहदेवीच ना?" त्या वेळी "होय" म्हणणे फार सोपे असते. सहदेवी प्यावी की न प्यावी हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, आणि लहान मुलांस व गरोदर बायांस तर कोणताच रानपाला डॉक्टरांस विचारल्यावाचून पाजू नये. आजच्या पाठाचा विषय इतकाच, की हाती आलेली वनस्पती कोणती हे डोळ्यांनी कसे ठरवावे.

प्रथम ह्या कुळाच्या फुलाची रचना समजून घेऊ. एक सूर्यफूल व एक करडईचे बोंड मुलांपुढे ठेवावे. सूर्यफूल म्हणून आपण ज्यास एक फूल समजतो ती वस्तुतः शेकडो बारीक फुलांची वसाहत आहे. मधल्या तबकडीतील प्रत्येक नळी हे एक स्वतंत्र फूल. तिच्या तळाशी एकच दाणा धरितो. कडेची जी पिवळी पाकळी दिसते तीदेखील एक वेगळे फूलच होय, पण एका बाजूस पसरलेले. करडईत मात्र अशा कडेच्या पाकळ्या नाहीत, सगळ्या नळ्याच आहेत. ह्या वसाहतीस शास्त्रात स्तबक म्हणतात. स्तबकास खालून हिरव्या पानोळ्यांचा पेला असतो, त्यांस छदे म्हणतात. करडई काढणाऱ्याच्या हाताला बोचणारे काटे ते ह्या छदांचेच. आणखी एक गोष्ट दाण्याच्या डोक्यावर पाहावयाची असते. कित्येक जातींत तेथे पांढऱ्या केसांचा झुबका असतो व त्याच्या जोरावर दाणा उडून जातो. उडत्या झुबक्याला मुले म्हातारी म्हणतात. आपणही ह्या पाठात तोच शब्द वापरू.

आता सहदेवी हातात घ्या. तिची पाने एकाआड एक लागलेली असतात, समोरासमोर कधीही नसतात. पानास आखूड देठ असतो, आणि पान खोडाला मिठी मारीत नाही. खोडावर उभ्या रेघा व बारीक राखट लव असते. शेंड्याकडे फांद्या फुटून पुष्कळ लहान स्तबके सुटी सुटी, विरळ छत्रीसारखी मांडलेली दिसतात. एकेका स्तबकात सुमारे वीस नळ्या, सगळ्या जांभळ्या. कडेची पाकळी एकही नाही. म्हणजे ही करडईच्या तऱ्हेची झाली. पण खरी खूण पेल्यात आहे. सहदेवीची छदे लहानमोठी, टोकदार, अनेक ओळींची असून घरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक चढलेली असतात. डोळ्यांस स्पष्ट दिसत नसल्यास सुईने एकेक छद खाली ओढून पाहावे. एक निघाले की त्याच्या आत त्याहून लांब दुसरे असते. दाणा पिकला म्हणजे डोक्यावर पांढरी शुभ्र म्हातारी येते.

सदामंडीची गोष्ट ह्याच्या उलट. तिचे स्तबक लांबट, नळकांड्यासारखे. कळी असताना ते बहुधा मान खाली घालून असते. पेल्याची छदे एकाच ओळीत, सगळी सारख्या लांबीची, आणि पाण्याच्या पिंपाच्या फळ्यांप्रमाणे कडेस कड लावून बसविलेली. सुईने एक छद ओढले तर आत दुसरी ओळ नाही, थेट फुलेच लागतात. लांब देठावर अशी स्तबके दोन, तीन, फार तर पाचसहा; सहदेवीसारखी गर्दी नाही. फुलांचा रंग गुलाबी-जांभळा, आणि म्हातारी हिलाही असते. पानांतील भेद तर लांबूनही ओळखता येतो. खालची पाने मुळ्याच्या पानांप्रमाणे कापलेली असतात, त्यांचे टोकाचे दल मोठे व देठाकडची दले लहान. आणि वरची पाने देठावाचून, आपल्या दोन कानांनी खोडाला मिठी मारून बसलेली. पान उलटे करून पाहिल्यास खालची बाजू पुष्कळदा जांभळट असते. मिठी मारणारे पान व एका ओळीचा पेला ह्या दोन खुणा एकत्र मिळाल्या की ती सदामंडी, मग आणणारा काहीही म्हणो.

ह्या भेदावर इतका जोर देण्याचे कारण आता सांगतो. सदामंडीत पायरोलिझिडीन नावाच्या वर्गातील क्षारद्रव्ये आहेत. ती पोटात गेली असता त्याच दिवशी ओकारी किंवा घेरी येईल असे नाही, आणि धोका आहे तो ह्यातच. ती यकृतातील बारीक शिरा हळूहळू बंद करितात. दिवसांनी किंवा आठवड्यांनी पोट पाण्याने फुगू लागते, आणि तोवर काढ्याची आठवणही कोणास राहिलेली नसते. पाला उकळल्याने हे विष भरवशाने जात नाही. ह्याच वर्गाच्या विषाने आपल्या देशात काय केले ते १९७३ ते १९७६ ह्या वर्षांत सरगुजा जिल्ह्यात दिसले. तो जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता, आता छत्तीसगडात आहे. तेथे गोंदली नावाच्या बारीक धान्यात रानटी खुळखुळ्याचे बी मिसळून गेले. खुळखुळा हा तागाच्या जातीचा, आपल्या आजच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. पण विष त्याच वर्गाचे. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९७६ साली जो वृत्तान्त प्रसिद्ध केला त्यात ६७ रोगी व त्यांपैकी २८ मृत्यू नोंदलेले आहेत. त्या लोकांनी औषध म्हणून काही घेतले नव्हते. रोजची भाकरी खाल्ली होती.

ओसाडीविषयीही हीच सावधगिरी पाहिजे. ही मूळची अमेरिकेची, आता ओलसर जागी, नाल्याच्या काठी व पाटाच्या कडेस सर्वत्र पसरलेली आहे. हिची फुले फिकट निळी-जांभळी किंवा पांढरी, मऊ ब्रशासारखी, शेंड्यावर दाट गुच्छाने येतात. रंगाने घोटाळा होतो खरा, पण पाने पाहिली की तो मिटतो. ओसाडीची पाने, निदान खालची, समोरासमोर जोडीने लागलेली असतात. त्यांवर लव असून कडा गोलसर दातांची असते. पान चुरगाळले तर उग्र, बोकडासारखा वास येतो, आणि इंग्रजीतही हिला बोकडाचेच नाव पडले आहे. वासावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. सर्दीने नाक बंद असलेल्यास सगळी पाने सारखीच. दाण्याच्या डोक्यावर हिला म्हातारी नसते, पाच टोकदार खवले असतात. इथिओपिया देशाच्या टिग्रे प्रांतात ह्या शतकाच्या आरंभी यकृताच्या रोगाची जी साथ आली, तिच्या शोधात धान्यात मिसळलेले ओसाडीचे बी सापडले. खळ्यावर धान्य वाऱ्यावर धरिताना ज्या बायका बारीक काळे बी वेगळे पाडितात, त्या केवढे काम करितात हे घरच्या पुरुषांस क्वचितच ठाऊक असते.

ओसाडीचे शास्त्रीय नाव अजेरॅटम असे आहे. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ न म्हातारे होणारे असा होतो, कारण हिचे फूल पुष्कळ दिवस रंग सोडीत नाही. ह्याच कुळात एरिजेरॉन नावाची दुसरी जात आहे. त्या नावाचा अर्थ लौकर म्हातारा झालेला. तिच्या बोंडांवर पांढरे केस इतक्या लौकर येतात की ग्रीक लोकांस म्हाताऱ्याचे डोके आठवले, आणि आमच्या पोरांसही उडत्या झुबक्यास पाहून म्हातारीच आठवली. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या लोकांस एकच गोष्ट सुचावी ह्याची मला मोठी मौज वाटते. विद्यार्थ्याने ही नावे खूण म्हणून ध्यानात ठेविल्यास हरकत नाही: अजेरॅटमला म्हातारी नाही, एरिजेरॉनला आहे.

एरिजेरॉन ही इंग्रजांची खरी पिसूमार होय. युरोपातील खेडवळ लोक असली झुडपे वाळवून घरात टांगीत किंवा जाळीत, आणि त्यांच्या धुराने पिसवा पळतात असे मानीत. त्यावरून हे नाव पडले. हिच्या अमेरिकेहून आलेल्या दोन जाती भारतात तण म्हणून पसरल्या आहेत. एकीस शास्त्रज्ञांनी कॅनडाचे नाव दिले आहे, दुसरीस ब्वेनोस आयरिस शहराचे. दोन्ही उभ्या, अरुंद पानांच्या, शेंड्यावर मळकट पांढऱ्या बोंडांच्या. कॅनडाची बहुधा कमरेहून उंच वाढते, दिसावयास हिरवी असते, आणि बारीक बोंडांच्या कडेस सूक्ष्म पांढऱ्या पाकळ्या दिसतात. ब्वेनोस आयरिसची ठेंगणी, राखट लवेची. तिची बोंडे थोडी मोठी, कडेची पाकळी डोळ्यांस दिसतच नाही, आणि बाजूच्या फांद्या मधल्या शेंड्याच्या वर निघून जातात. सहदेवीशी ह्यांचा घोटाळा होतो तो फुले उडावयाच्या वेळी, जेव्हा सगळेच पांढरे झालेले असते. अशा वेळी जांभळ्या रंगाचे एखादे ताजे फूल त्याच झाडावर शोधावे. सोयाबीन व कपाशी पिकविणाऱ्यांनी ह्या दोघींची ओळख करून घ्यावी हे बरे; कॅनडाच्या जातीतील ग्लायफोसेट ह्या तणनाशकाने न मरणारी रोपे अमेरिकेच्या डेलावेअर संस्थानात सोयाबीनच्या शेतात २००० साली आढळली.

पिवळ्या फुलांच्या भांबुर्ड्याविषयी फार लिहीत नाही. तो पीक निघाल्यावर थंडीत रिकाम्या वावरात दिसतो, अंगाला चिकट लव असते, व टर्पेंटाइनसारखा वास येतो. फूल पिवळे असल्याने त्याचा सहदेवीशी गोंधळ होण्याचे कारण नाही. कोकणातील लोक निमुर्डी ह्या नावाने त्याचा पिसवा घालविण्याकडे उपयोग करितात, असे डायमॉक साहेबांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेविले आहे. म्हणजे पिसूमार केवळ विलायतेतच होती असे नव्हे. इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्यांस मात्र एक इशारा देणे जरूर आहे. त्या पुस्तकांत जांभळी पिसूमार असे नाव कधी सहदेवीस दिलेले असते, तर कधी काळ्या जिरीस, जिला कोणी कडूजिरे म्हणतात. काळी जिरी ही सहदेवीच्याच गणगोताची खरी, पण झाड पुरुषभरही वाढते, पाने रुंद व दातेरी, आणि स्तबक सहदेवीच्या कितीतरी पट मोठे. बाजारात तिचे कडू बी मिळते व तेच औषधात घेतात. इंग्रजी नाव वाचून सहदेवीचा गुण काळ्या जिरीस लावणे म्हणजे धाकट्या भावाचे कर्ज थोरल्याकडून वसूल करणे होय.

आता पांढऱ्या फुलांच्या तिघी. ह्या काढ्यासाठी नव्हे तर जखमेसाठी महत्त्वाच्या, कारण इळा लागला की शेतकरी जो पाला चोळून बांधितो तो ह्यांतलाच. दगडी पाला, ज्यास कोणी कंबरमोडी व कोणी एकदांडी म्हणतात, तो जमिनीसरपट पसरतो. पाने समोरासमोर, खरखरीत, मोठ्या दातांची. वीतभर लांब केसाळ दांड्यावर एकच फूल, मधली तबकडी पिवळी व कडेस फिकट पाकळ्या, ज्यांच्या टोकाला तीन दाते असतात. माका ओल्या जागी, विहिरीच्या थारोळ्यापाशी उगवतो. त्याच्या कडेच्या पांढऱ्या पाकळ्या पुष्कळ व दोऱ्यासारख्या बारीक असतात, आणि खोड चुरगाळले असता रस थोड्या वेळात काळा पडतो. तिसरे गाजरगवत. ते उभे वाढते, पाने गाजराच्या पानांसारखी बारीक कापलेली, व फांद्यांच्या टोकांस मोहरीएवढ्या पांढऱ्या बोंडक्यांची रास. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक बोंडकीच्या कडेस पाचच इवल्या पाकळ्या. हेही अमेरिकेचे. भारतात ते आढळल्याची नोंद पुण्याहून १९५६ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर ते कोठे पोहोचले नाही असा गाव दाखविणे कठीण. ह्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या कातडीस खाज सुटून चट्टे उठतात व ते वर्षानुवर्षे जात नाहीत. ते जखमेवर कदापि बांधू नये. कोवळ्या रोपाची पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात व फूल नसते, तेव्हाच फसगत होते. म्हणून फुलावाचून आणलेला पाला बांधण्यापेक्षा जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन धुतलेली चिंधी बांधणे अधिक चांगले. खोल जखमेस तर धनुर्वाताची सुई घ्यावीच लागते.

काही जण विचारतील, की आयुर्वेदाच्या ग्रंथांत सहदेवा म्हणून जी आहे ती हीच काय? तसे नाही. त्या नावाने बहुधा चिकण्याच्या जातीचे झुडूप घेतात. त्याचे फूल पिवळे, पाच सुट्या पाकळ्यांचे, भेंडीच्या कुळातले. सहदेवीचे मूळ डोक्यास बांधिले असता ताप उतरतो अशीही समजूत आहे. बांधिल्याने ताप उतरत नाही, पण इजाही होत नाही. इजा होते ती चुकीचा पाला पोटात गेल्याने. आणि शास्त्रज्ञांसही ह्या वनस्पतीने पुष्कळ फिरविले आहे. लिनियसने १७५३ साली हिला पिसूमारांच्याच गणात, कोनायझा ह्या नावाखाली घातले. १८२९ साली लेसिंगने तेथून काढून व्हर्नोनिया गणात नेले. आणि १९९० साली ती सायंथिलियम झाली. तिन्ही नावांत राखेच्या रंगाची ह्या अर्थाचा दुसरा शब्द मात्र तसाच राहिला. जुन्या पुस्तकांत ह्यांपैकी कोणतेही नाव आढळले तरी ती एकच वनस्पती जाणावी.

आपल्या जिल्ह्याची वनस्पती पुस्तकात शोधणाऱ्यास पूर्वी अडचण पडे. कुक साहेबांचा प्रसिद्ध ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या काळात निघाला, पण तो मुंबई इलाख्यापुरता. बुलढाणा त्या वेळी वऱ्हाडात, म्हणून त्यातून बाहेर राहिला. जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. पुढे दिवाकर व शर्मा ह्या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी खास बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याने २००० साली छापिला. जवळच्या कॉलेजातील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकास तो ठाऊक असेल, आणि नीट दाबून वाळविलेला नमुना नेऊन दाखविल्यास ते आनंदाने नाव सांगतील. चुरगळलेली मूठ नेल्यास कोणीही सांगू शकणार नाही.

नमुना घेण्याची रीत सोपी आहे. दोन झाडे मुळासकट उपटावी. एकावर ताजी फुले असावी व दुसऱ्यावर पिकलेली म्हातारी. माती झटकून ती जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत अशी पसरावी की एक पान उताणे व एक पालथे राहील. वर पाटी व तिच्यावर जाते किंवा विटा ठेवाव्या. ओलसर दिवसांत कागद रोज बदलावा, नाही तर तिसऱ्या दिवशी बुरशी येते. काही दाणे वेगळ्या पुडीत बांधावे. चिठ्ठीवर गावाचे नाव, तारीख, जमीन काळी की मुरमाड, फुलाचा ताजा रंग, आणि आणणाऱ्याने सांगितलेले गावठी नाव लिहावे. रंग त्याच दिवशी लिहिणे अवश्य, कारण जांभळे फूल वाळल्यावर तपकिरी होते. शाळेत सहदेवी, सदामंडी व ओसाडी ह्या तिघींचे असे कागद भिंतीस लावून ठेविले तर पाचवीतले मूलही आठवड्यात पेल्याच्या ओळी मोजावयास शिकते.

आणि कोणी अगोदरच काढा प्यालेला असून त्याचे पोट फुगत असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर त्यास विलंब न करिता खामगाव, बुलढाणा किंवा जे जवळ असेल तेथील सरकारी रुग्णालयात न्यावे, आणि ज्या धुऱ्यावरून पाला तोडिला तेथील एक अख्खे झाड, फुलासकट, कागदात गुंडाळून डॉक्टरांच्या हाती द्यावे.